धानात ‘दुष्काळाचं जनुक’ असतं का?

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरात पावसानं दडी मारली, तुमची बांधी करपली, धुऱ्यापलीकडची शेजाऱ्याची तगली. त्याच्या वाणात दुष्काळाचं जनुक असेल का?

मी साकोलीकडचा. घरी धानच, त्यात कृषीची पदवी. तरी आमचे बाबा पहिलं हेच विचारतील, “त्याची बांधी बोडीखालची हाये का?” बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. त्याच्या झिरप्याची ओल असेल, तर जनुकाला उगाच मान देऊ नका.

वाणाचं म्हणाल तर पाणी तुटलं की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, त्या इशाऱ्यानं शेकडो जनुकं चालू-बंद होतात आणि पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटतात. काही जनुकं उलट ब्रेकसारखी असतात. ‘डीएसटी’ नावाचं जनुक बंद पाडलं, तर रंध्रं जास्त मिटतात आणि पाणी वाचतं. आपल्याकडच्या १०१० (एमटीयू १०१०) वाणात तोच बदल करून ‘पुसा डीएसटी राईस १’ मे २०२५ मध्ये जाहीर झाला. पण त्याच्या उत्पादनाचे दावे मुख्यतः खारपड-चोपण जमिनीचे आहेत, कोरडवाहूचं बियाणं समजून त्याच्यामागे धावू नका. शिवाय रंध्रं मिटली की पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो, फुकट काही नाही.

बुडिताचं गणित सोपं निघालं. वैनगंगेच्या पुरात बुडालेलं धान वर यायच्या धडपडीत साठवलेली साखर संपवतं, पाणी ओसरलं की लोळतं. ओडिशाच्या एफआर१३ए वाणातलं ‘सब१ए’ ही धडपडच रोखतं, रोप दोनेक आठवडे दम धरून राहतं. २००६ साली हे जनुक ओळखलं गेलं, २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ शेतात आला. दुष्काळात असं एकट्यानं निभावणारं जनुक नाही. अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो. ‘डीआरओ१’ हे जनुक रोपाची मुळं खोल नेतं खरं, पण दरवर्षी चिखलणी करून आपणच खाली जो कडक थर बसवतो, तो मुळांनी फोडायचा कसा?

आता एकच सांगा, शेजाऱ्याचं धान हलकं (कमी दिवसांचं) होतं की भारी (जास्त दिवसांचं)? हलकं असेल तर ते दडीआधीच निसवून दाण्यात आलं असेल. तुमचं नेमकं पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, सापडलं असेल, आणि तेव्हा ताण बसला की लोंबी पोचट जाते.