क्ले शूटिंगसाठी १२ बोर सोडून हलकी २० बोर घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्या, म्हणजे क्ले, छर्ऱ्यांच्या बंदुकीनं फोडणं) करता, वय ४४, बंदूक १२ बोर, ३ किलो ७०० ग्रॅमची, दोन फेऱ्या झाल्या की खांदा सुजतो आणि तिसऱ्या फेरीत नळी वर जात नाही. म्हणून २० बोर (बोरचा आकडा मोठा, तशी नळी बारीक) घ्यायचा विचार चाललाय. मीही कोल्हापूरचाच, आणि तीन वर्षांपूर्वी हाच उद्योग करून बसलोय, म्हणून लिहितो.

खांदा सुजणं आणि नळी न उचलणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. २० बोर दुसऱ्यावर औषध आहे, पहिल्यावर नाही.

बोर लहान म्हणजे धक्का लहान, असं मीही धरून चाललो होतो. पण धक्का ठरतो तो किती ग्रॅम छर्रे किती वेगानं सुटतात आणि मागे ते थोपवायला बंदुकीचं वजन किती आहे यावर. ट्रॅप आणि स्कीट या क्ले शूटिंगच्या प्रकारांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छर्ऱ्यांची मर्यादा २४ ग्रॅम, आणि २० बोरचं काडतूसही २४ ग्रॅमचं येतं. मग तेच २४ ग्रॅम तुम्ही ३ किलोच्या बंदुकीतून सोडलेत तर खांद्यावर येणारी ऊर्जा जवळजवळ पाव हिश्श्यानं वाढते. पहिल्या दिवशी मी गाल सुजवून घरी आलो, तर बायको म्हणाली, दाढ काढायला गेला होतात की नेमबाजीला?

पुढे २१ ग्रॅमची काडतुसं वापरली तेव्हा कुठे हिशोब जुन्या १२ बोरच्या बरोबरीला आला. म्हणजे एवढा खर्च करून धक्का तिथल्या तिथेच! छर्रे मात्र कमी झाले. २.४ मिलिमीटरचे धरले तर २४ ग्रॅममध्ये साधारण ३०० बसतात, २१ मध्ये २६०. ११० मिलिमीटरची क्ले जवळ असताना हा फरक जाणवत नाही. ट्रॅपवर क्ले दूर गेल्यावर, उशिरा झाडलेल्या दुसऱ्या बाराला जाणवतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. आपल्या गावात नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील कुसाळे. सगळी रायफल-पिस्तूलवाली मंडळी. त्यामुळे इथे चहाच्या गाड्यावरसुद्धा सल्ला मिळतो तो तसाच: श्वास धर, हलू नको. शॉटगनला, म्हणजे आपल्या छर्ऱ्यांच्या बंदुकीला, हलायचंच असतं, आणि बार निघाल्यावरही नळी क्लेच्या पुढे जात राहावी लागते. जड बंदूक एकदा फिरली की आपल्याच वजनानं फिरत राहते, आपली चूक पोटात घालते. हलकी बंदूक झटकन सुरू होते आणि तितक्याच झटकन थांबते. पहिले काही महिने माझे बहुतेक बार क्लेच्या मागून गेले. फेरीतल्या २५ क्लेंपैकी २१ फुटायच्या तिथे १६ फुटायला लागल्या. हात बसल्यावर आकडा परत आला, आणि पाचव्या फेरीलाही दंड ताजा राहतो हा फायदा मात्र शंभर टक्के खरा. वरच्या बाजूच्या, अचानक वळणाऱ्या क्लेला तर मला आता १२ बोर नकोच वाटते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की धरा. १२ आणि २० ची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत घातलं तर ते पुढे सरकून अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी वाटते, माणूस वर १२ चं काडतूस भरतो आणि बार काढतो. नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. २० ची काडतुसं सहसा पिवळी असतात ती याचसाठी. मी एकदा घरी जॅकेटचा खिसा उलटा केला तर लाल काडतुसांतून एक पिवळं घरंगळलं. त्या दिवशी मी १२ बोर चालवून आलो होतो. रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुसरं जॅकेट आणलं.

परवान्याचं थोडक्यात: परवान्यावर हत्याराचा बोर आणि नंबर चढतो, त्यामुळे आधी परवानगी, मग बयाणा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हा घरची शेतीसंरक्षणाची बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही मोजा. काडतुसांचंही बघून ठेवा. १२ ची कुठेही मिळतात, २० साठी मला प्रत्येक वेळी चार फोन करावे लागतात.

तुमच्या जागी मी असतो तर आधी दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी तपासली असती. सूज खांद्याच्या खळग्यात न येता दंडाकडे येत असेल तर दस्ता तुम्हाला लांब पडतोय. आपल्याकडच्या बहुतेक बंदुका पुरुषांच्या मापाच्या असतात. दस्ता कमी करून घ्या, मिळाली तर १२ बोरचीच २१ ग्रॅमची काडतुसं आणा आणि महिनाभर चालवा. जड बंदूक आणि हलकं काडतूस ही जोडी खांद्याला सगळ्यात सोसते. एवढं करूनही तिसऱ्या फेरीला नळी खाली यायला लागली, तर २० बोर घ्या. त्याआधी कुणाची तरी मागून रेंजवर त्याच्यासमोरच दोन फेऱ्या मारून बघा, आणि पहिल्या फेरीचा आकडा मोजू नका.