टॉप मॉडेल घ्यावं, की मधलंच बरं?
वाचकांचे प्रश्न : गाडी घेताना

प्रश्न : चौघांचं कुटुंब आहे, पेट्रोल हॅचबॅक घ्यायची आहे. बेस मॉडेल एक्स-शोरूम ६ लाख ५० हजारांना, त्याच्या वरचं ७ लाख ३० हजारांना. आमच्या इथला अ‍ॅक्सेसरीजवाला म्हणतो, बेस घ्या, ३५ हजारांत सगळं बसवून देतो. त्याचं ऐकावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी फरकाचा आकडा नीट मांडा. शोरूममध्ये ८०,००० दिसतात. पण महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या ८० हजारांवर आणखी ८,८००. विम्याचा हप्ताही जरा वाढतो. एकूण ९० हजार धरा. एवढे जास्तीचे पैसे कर्जातून गेले, तर ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी महिन्याला साधारण १,४५० रुपये पडतील.

आता ‘सगळं बसवून देतो’ यातलं ‘सगळं’ म्हणजे काय, ते पाहू. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, मॅट, सेंट्रल लॉक या गोष्टी बाहेर चांगल्या बसतात आणि स्वस्तही पडतात. अट एकच : जोडणी कपलरने व्हायला हवी. म्हणजे गाडीच्या मूळ प्लगमध्ये तसाच दुसरा प्लग बसतो आणि एकही वायर सोलावी लागत नाही. कारागिराने कटर काढून मूळ वायर कापायला घेतली, की त्याला तिथेच थांबवा. चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा पावसाळ्यात दगा देतो आणि त्या सर्किटमध्ये बिघाड झाला, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

हेडलाइटचं तेच. साध्या एच-४ बल्बची क्षमता ६०/५५ वॉट असते. त्या जागी १००/९० वॉटचा बल्ब लावला, की हाय बीमला ५ अँपिअरऐवजी सव्वाआठ अँपिअर वाहतात. वायर तीच, स्विच तोच, त्यामुळे आधी होल्डर पिवळा पडतो आणि मग वितळतो. वर समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

जे बाहेर बसत नाही, त्याचेच पैसे कंपनीला द्यायचे. तुमच्याकडे पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढायचा, तर मागच्या काचेचा डीफॉगर (काच तापवून वाफ घालवणारी सोय) आणि वायपर ही चैन नव्हे. डीफॉगरच्या त्या बारीक तांबूस रेघा काचेवरच छापलेल्या असतात. बेस मॉडेलमध्ये तो नंतर हवा असेल तर काच बदला, रिले आणि स्विच घाला, आणि बऱ्याच गाड्यांत वायरही नव्याने ओढा. वायपरला काचेत भोक, मोटर आणि पाण्याची नळी लागते. हॅचबॅकची पाठ सरळ असते, त्यामुळे चाकांनी उडवलेला चिखल मागच्या काचेवरच येऊन बसतो. सेदानला हा त्रास बराच कमी.

ड्रायव्हर सीटची उंची वरखाली होणं हीसुद्धा नंतर जमणारी गोष्ट नाही, कारण तिथे सीटची चौकटच वेगळी असते. घरात गाडी चालवणाऱ्या दोघांच्या उंचीत वीतभर फरक असेल, तर टचस्क्रीनपेक्षा हिचा उपयोग जास्त. एअरबॅग किती, ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा) आहे का, मागच्या तिन्ही सीटना तीन-बिंदू पट्टे आणि हेडरेस्ट आहेत का, हे दोन्ही मॉडेलच्या ब्रोशरमध्ये ओळीने ताडून पाहा. बऱ्याच गाड्यांत हल्ली बेसलाही हे सगळं मिळतं, पण गृहीत धरू नका.

थोडक्यात, वरच्या मॉडेलमध्ये डीफॉगर, वायपर आणि सीटची उंची मिळत असेल तर ९० हजार द्या. नुसता टचस्क्रीन, बॉडीच्या रंगाचे हँडल आणि व्हीलकॅप मिळत असतील तर बेस घ्या.

प्रश्न : एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं पेट्रोल मॉडेल ९ लाख ९२ हजारांना आहे. सनरूफ असलेलं १० लाख १२ हजारांना. फरक वीस हजारांचा, पण डीलरच्या कोटेशनमध्ये ऑन-रोड फरक चाळीस हजारांच्या वर जातोय. फसवणूक आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, तुम्ही १० लाखांची रेघ ओलांडलीत. रेघेच्या अलीकडे ११ टक्के टॅक्स, पलीकडे १२, आणि तो वाढीव दर फक्त वरच्या बारा हजारांवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. पहिल्या गाडीचा टॅक्स १,०९,१२० रुपये, दुसरीचा १,२१,४४०. इथेच १२,३२० गेले. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) घेतो, ते १०,१२०. मूळ वीस हजार धरून ४२,४४० झाले. विम्यातला फरक आणखी वेगळा.

टीसीएस मात्र बुडीत नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर रिटर्नमध्ये वळता करता येतो. पॅन बरोबर लिहिला आहे ना, एवढं बिलावर पाहा. विम्यातला थर्ड पार्टी भाग इंजिनाच्या सीसीवर ठरतो, व्हेरियंटवर नाही. दोन कोटेशनमध्ये तो वेगळा दिसला, तर डीलरला विचारा. विमा त्यांच्याचकडून घेण्याची सक्ती नसते. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा.

सनरूफचं म्हणाल, तर त्याच्या चौकटीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या खांबांतून खाली उतरतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर पाला-पाचोळ्याने त्या तुंबतात आणि पाणी छताच्या कापडात उतरतं. पावसाळ्याआधी कपभर पाणी कडेच्या खाचेत ओतायचं आणि ते गाडीखाली टपकतंय का पाहायचं. ही काळजी घेणार असाल तर सनरूफ घ्या, पण त्याचे वीस नाही, आज बेचाळीस हजार (टीसीएस वळता झाल्यावर बत्तीस) मोजताय हे ठाऊक असू द्या.

प्रश्न : वरच्या मॉडेलला १५ इंची अलॉय आहेत, खालच्याला १४ इंची लोखंडी रिम. मोठ्या चाकांनी गाडी उंच होते का? गावचा रस्ता खराब आहे.
– एक वाचक, जत

उत्तर : होत नाही. टायरवरचे आकडे वाचा. एका प्रचलित हॅचबॅकला खाली १६५/८० आर १४ आणि वर १८५/६५ आर १५ येतात. पहिल्या टायरची भिंत १६५ मिलिमीटरच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. दुसऱ्याची १२०. रिम धरून पूर्ण चाकाचा व्यास पहिल्याचा जवळपास ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. गाडी आहे तिथेच राहते, फक्त खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर १२ मिलिमीटरने घटतं. त्यातून लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर बदलावाच लागतो. रुंद टायरची पकड चांगली, हे खरं. तुमच्या रस्त्याला मात्र १४ इंची बरे. आणि अलॉयच्या मॉडेलमध्ये स्टेपनी बहुतेकदा लोखंडी, कधी लहान मापाची असते, तेही डिकी उघडून पाहा.

प्रश्न : तेवढ्याच पैशांत मॅन्युअलचं टॉप मॉडेल येतं किंवा एएमटीचं (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचं) मधलं. काय घ्यावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : घोडबंदरच्या गर्दीत रोज जाणार असाल तर एएमटी. नंतर हवं म्हणून गिअरबॉक्स बदलून मिळत नाही. घेण्याआधी चढावर ट्रायल घ्या : एएमटीला हिल-होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का आणि ब्रेक सोडल्यावर गाडी मागे सरकते का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही.

प्रश्न : बुकिंग केलेलंच व्हेरियंट मिळतंय, याची खात्री कशी करावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग आणि इंधन लिहून घ्या. ‘एसयूव्ही, पांढरी’ एवढ्यावर सही करू नका. त्या दिवशीचं ब्रोशर जपून ठेवा, कारण कंपन्या गाजावाजा न करता एखादं फीचर काढून घेतात. गाडी यार्डात आल्यावर ब्रोशर हातात धरून प्रत्येक ओळ तपासा : मागचा वायपर फिरवा, डीफॉगर लावून पाच मिनिटांनी काचेला हात लावा, सगळ्या खिडक्या वरखाली करा, स्टेपनी आणि जॅक पाहा. चॅसिस नंबर बिलावरच्या नंबरशी जुळवा. आणि हे सगळं आरटीओ नोंदणीच्या आधी करा. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला, की बदलून दुसरी गाडी मिळवणं फार जिकिरीचं होतं.