माळरानावर झाडं लावली तर ते सुधारतं का?

हवामान बदल आणि माणूस यांच्यामुळे गवताळ प्रदेशांचं काय होतंय, आणि झाडं लावून ते सावरतील का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. आमचा माळ झाडं लावूनच गेला.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, मुरमावर वीतभर माती. गायरानात पवना, मारवेल, कुसळी ही गवतं. आमची दीडशे मेंढरं त्यावर जगायची. मी नववीत असताना ग्रामसभेत ‘पडीक जमीन हिरवी करायची’ असा ठराव आला. माझे थोरले चुलते, आप्पा, त्यात सगळ्यांच्या पुढे. मी विचारलं, ‘मग मेंढरं कुठं न्यायची?’ आप्पा म्हणाले, ‘तू अभ्यास कर.’

मे महिन्याच्या सुट्टीत खड्डे खणायला आम्हा पोरांनाच नेलं. वर चरून उरलेले बोटभर ठोंब, पण खड्ड्याच्या कडेला मुळांची जाळी हातभर खाली लोंबत होती, पिवळसर, दोऱ्यांसारखी. गवताचा सगळा जीव तिथे असतो. त्याचा बहुतेक कार्बनही तिथेच, जमिनीखाली साठतो, म्हणून वणव्यात वरचं जळालं तरी पहिल्या पावसात ठोंब पुन्हा फुटतो. ती जाळी तोडून आम्ही गिरीपुष्पाची रोपं लावली. एका खड्ड्याशेजारी धाविक पक्ष्याची दोन अंडी होती, उघड्या मुरमावर, खड्यांच्याच रंगाची. मला दिसली तोवर एकावर माती पडली होती.

चार वर्षांत सावलीखालचं गवत संपलं. आमची मेंढरं गिरीपुष्पाला तोंड लावत नव्हती. वडिलांनी निम्मं खांड विकलं. गावाला बक्षीस मिळालं.

हवामानाचंही खरं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गवतापेक्षा झुडपांचं जास्त फावतं. पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका दिवसात कोसळतो, तोवर उगवलेलं कोवळं गवत करपलेलं असतं. अवकाळी तर मेंढपाळाच्या मुळावरच येतो. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात पाऊस आणि गारठ्याने शेकडो मेंढ्या दगावल्या. पण गवताने दुष्काळ पुष्कळ पाहिलेत, त्यातून ते उठतं. नांगरातून, प्लॉटिंगमधून आणि खड्ड्यातून उठत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली खास माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा माळ आपणच संपवत आणला.

एक मान्य करतो, बेसुमार चराईनेही माळ उजाड होतो, आणि त्यात आम्हा मेंढपाळांचीही चूक आहे. झाडांशी माझं वैर नाही. ओढ्याकाठी, बांधावर बोर, हिवर, बाभूळ खुशाल लावा.

आप्पा अजून म्हणतात, माळ हिरवा झाला. झाला, पण त्यात चारा नाही. तुमच्या गावात असा ठराव आला तर लोकांना भाद्रपदात माळावर घेऊन जा, मे महिन्यात नेऊ नका. एक ठोंब मुळासकट खणून त्यांच्या हातात द्या. आणि मेंढरं कुठं न्यायची ते विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका. आप्पांनी मला ते अजून दिलेलं नाही.