दुकानं चार, गल्ला एक : कार्ड पेमेंटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कंपनी एक, ऑनलाइन दुकानं तीन : कपडे, पुस्तकं आणि इलेक्ट्रॉनिक्स. कार्डाचे पैसे घ्यायला एकच मर्चंट खातं पुरेल की प्रत्येकाचं वेगळं काढावं?

तुमच्या जागी मी असतो तर दोन काढली असती. कपडे आणि पुस्तकं एकात चालवायला बँक तयार असेल तर ती एकत्र, इलेक्ट्रॉनिक्स मात्र वेगळं.

पैसे जमा करून घेणारी बँक तुमचा धंदा पाहते तो मर्चंट आयडीतून, म्हणजे प्रत्येक मर्चंट खात्याला मिळणाऱ्या ओळख क्रमांकातून (एमआयडी). प्रत्येक एमआयडीला धंद्याच्या प्रकाराचा चार अंकी कोड चिकटवलेला असतो. पुस्तकांच्या दुकानाचा ५९४२, इलेक्ट्रॉनिक्सचा ५७३२. फी आणि जोखीम ठरवताना हा कोड बघितला जातो. चोरीच्या कार्डावर घेतलेला फोन संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला विकता येतो. कादंबरीचं तसं नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्समध्ये चार्जबॅक (ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने दुकानाकडून परत घेतलेले व्यवहार) जास्त येतात, आणि तिघांचं खातं एकच असेल तर त्याचा डाग पुस्तकांनाही लागतो. उद्या बँकेने खातं गोठवलं तर तिन्ही दुकानांची शटरं एकदम खाली.

मग सगळीच वेगळी का नकोत? कारण चार्जबॅकचं प्रमाण साधारणपणे एमआयडीवार मोजतात. महिन्याला पन्नासच व्यवहार होणाऱ्या दुकानाला दोन चार्जबॅक आले की ते थेट ४ टक्के! तेच दोन हजार व्यवहारांत विरघळले असते. शिवाय प्रत्येक खात्याची मासिक फी निराळी. म्हणून लहान दुकानाला घाईने वेगळं घर देऊ नका. आणि चार्जबॅक लपवायला व्यवहार इकडून तिकडे फिरवायचा विचार मनात असेल तर तो सोडा, व्हिसा-मास्टरकार्डसारखी कार्ड नेटवर्कं अशी वाटणी ओळखतात.

गेटवेशी, म्हणजे दुकानातला कार्डाचा व्यवहार बँकेपर्यंत पोचवणाऱ्या सेवेशी, करार मात्र एकच ठेवा आणि त्याखाली हवे तेवढे एमआयडी घ्या. लॉगिन एक, अहवाल एक.

प्रश्न : नेहमीचे ग्राहकसुद्धा ‘ही खरेदी मी केलीच नाही’ म्हणून बँकेकडे तक्रार करतात. माल तर त्यांना पोचलेला असतो.

त्यांच्या स्टेटमेंटवर काय उमटतं ते पाहिलंय का? दुकान एका नावाचं, आणि स्टेटमेंटवर ‘एंटरप्रायझेस’ने संपणारं कुठलंसं कंपनीचं नाव. महिनाअखेरीला ती ओळख कोणाला पटणार? मी स्वतः एकदा माझ्याच दुकानातून चाचणी म्हणून खरेदी केली होती आणि दहा दिवसांनी त्या व्यवहाराबद्दल बँकेला फोन लावायला निघालो होतो.

ही ओळ बदलता येते. जागा साधारण बावीस अक्षरांची. कंपनीचं नाव आखूड करून आधी, मग तारा (*), मग दुकानाचं नाव, अशी रचना बरेच गेटवे करू देतात. नाव कापलं जाणार असेल तर कंपनीचं कापा, दुकानाचं नको. तेच नाव ऑर्डरच्या ईमेलमध्येही लिहा : ‘तुमच्या स्टेटमेंटवर हा व्यवहार अमुक नावाने दिसेल.’ एवढ्या एका वाक्याने बऱ्याच तक्रारी बँकेपर्यंत जातच नाहीत.

थ्री-डी सिक्युअरने, म्हणजे ओटीपी किंवा बँकेच्या अॅपमधून ग्राहकाची ओळख पटवून झालेल्या व्यवहारात ‘मी केलंच नाही’ या तक्रारीचा भार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. ‘माल मिळालाच नाही’ या तक्रारीत मात्र थ्री-डी सिक्युअरचा उपयोग शून्य. तिथे पोच पावतीच लागते, आणि तक्रार चार महिन्यांनीही येऊ शकते. पावत्या तोवर फेकू नका.

प्रश्न : आमच्या चारही दुकानांचे पैसे बँकेत एकाच रकमेने जमा होतात. हिशेब जुळवता जुळवता रविवार जातो.

समजा विक्री १०,००० ची झाली. फी २४०, जुन्या ऑर्डरींचे रिफंड १,१५०, संभाव्य चार्जबॅकसाठी राखीव म्हणून रोखलेले ५००. हातात येतात ८,११०. आता हा आकडा विक्रीच्या यादीत शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. गेटवेकडून सेटलमेंटचा तपशीलवार अहवाल घ्या, प्रत्येक जमा रकमेचा क्रमांक आणि त्यातला एकेक व्यवहार दाखवणारा. जुळवणी त्याच्याशी करायची, विक्रीच्या यादीशी नाही.

ऑर्डर क्रमांकाच्या सुरुवातीला दुकानाची खूण असू द्या : ‘क-१०२३’, ‘पु-१०२३’. ती नसेल तर दोन दुकानांत एकच क्रमांक निघतो आणि रिफंड भलत्याच माणसाला जातो. फी आणि रिफंड ज्या त्या दुकानाच्या नावावर टाका, विक्रीच्या प्रमाणात वाटू नका. नाहीतर सर्वाधिक माल परत येणारं दुकान कागदावर फायद्यात दिसत राहतं. ज्या एमआयडीवर विक्री झाली, रिफंडही तिथूनच करायचा.

प्रश्न : ग्राहकाने एका दुकानात साठवलेलं कार्ड दुसऱ्या दुकानात वापरता येईल का?

गेटवेचं टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी साठवलेला सांकेतिक क्रमांक, सहसा एका मर्चंट खात्यापुरतंच चालतं. एका करारातल्या खात्यांमध्ये ते वाटून घेण्याची सोय काही गेटवे देतात. तांत्रिक भाग तेवढाच. अडचण संमतीची आहे : ग्राहकाने कार्ड साठवायला होकार दिला तो पुस्तकांच्या दुकानाला. कपड्यांच्या दुकानात स्वतःच्या कार्डाचे शेवटचे चार अंक दिसले की तो खूश होत नाही, दचकतो. तिथे पुन्हा विचारा.

प्रश्न : कार्डाची माहिती आम्ही साठवतच नाही. पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेची नियमावली, आम्हाला लागू आहे का?

आहे. पेमेंटचं पान पूर्णपणे गेटवेचं असेल तर त्यासाठी स्वतः भरायची प्रश्नावली सर्वांत छोटी, ‘ए’ नावाची. पण तुमच्या एखाद्या जुन्या दुकानात कार्ड क्रमांक तुमच्याच सर्व्हरवरून जात असेल तर गोष्ट वेगळी, आणि असं एक दुकान बहुतेकांकडे निघतं. आधी ते शोधा. सीव्हीव्ही व्यवहार मंजूर झाल्यावर कुठेही ठेवायचा नाही, कुलूपबंद करूनसुद्धा नाही. लॉग फाइलमध्येही नाही.

प्रश्न : नव्या दुकानाची मंजुरी यायची आहे. तोवर महिनाभर जुन्या दुकानाच्या खात्यातून पैसे घेतले तर?

नको. न कळवलेल्या साइटचे व्यवहार मंजूर खात्यातून नेणं म्हणजे ट्रान्झॅक्शन लाँडरिंग, मग माल कितीही सरळ असो. बँकेने खातं बंद करून मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत नाव टाकलं तर ते पाच वर्षं तिथे राहतं, आणि नवं खातं देण्याआधी बँका ती यादी पाहतात. बँकेला नव्या साइटचा पत्ता कळवा आणि तो जुन्या एमआयडीत तात्पुरता जोडून मिळेल का ते लेखी विचारा. धंदा त्याच प्रकारचा असेल तर बऱ्याचदा होकार मिळतो.