आईच्या हाताला मुंग्या आणि एनसीव्ही-ईएमजीची भीती

तुम्ही विचारलंय की आईच्या उजव्या हाताला दोन महिने रात्री मुंग्या येतात, शुगर आहे, मानेचा एमआरआय झाला त्यात गादी थोडी सरकलेली दिसली, मग परत हे एनसीव्ही-ईएमजी (नसा आणि स्नायू नीट काम करतात का ते बघायची टेस्ट) कशाला, आणि शेजारीण म्हणते शॉक देतात, सुया टोचतात ते खरं का. तर दोन्ही खरं आहे, पण ऐकून वाटतं तेवढं काही नाही. मी डॉक्टर नाही, पण माझी स्वतःची दोनदा झालीय आणि बाबांची एकदा, त्यामुळे सांगू शकतो.

एमआरआय आधीच केलाय तरी हे का, तर आपल्या वीज खात्याचा लाईनमन आठवा. खांब, तार सगळं जागेवर दिसतं, पण घरात करंट येतो का ते टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही ना? पन्नाशी उलटली की गादी सरकलेली बऱ्याच जणांची दिसते, मुंग्या त्यामुळेच येतात असं नाही. आईंना अंगठा आणि बाजूच्या दोन बोटांना जास्त आणि करंगळीला काहीच नाही असं आहे का ते एकदा नीट विचारा, तसं असेल तर मनगटातच नस दबली असण्याची शक्यता जास्त, त्याला कार्पल टनल म्हणतात.

एनसीव्हीत कातडीवर पट्ट्या चिकटवून नसेवर बारीक शॉक देतात, टक् करून हात उडतो. सिग्नलला एका जागेवरून दुसरीकडे जायला किती वेळ लागला ते मोजतात, हातात साधारण सेकंदाला 50 मीटर किंवा जास्त वेग नॉर्मल धरतात. मनगटात दबली असेल तर नेमका तिथेच वेग कमी पडतो. मानेत दबली असेल तर गंमत म्हणजे बोटांच्या संवेदनेचा भाग बहुतेक नॉर्मल येतो आणि गडबड सुईच्या टेस्टमध्ये सापडते. शुगर आहे म्हणून, त्याने नसा बिघडल्यात का ते बघायला पायाचीही करतील, तेव्हा हाताचं दुखणं आणि पायाला का लावताय म्हणून भांडू नका (आमचे बाबा भांडले होते, "माका नाका" म्हणून उठूनच बसले).

सुईवाली ती ईएमजी. तिच्यात करंट अजिबात देत नाहीत, सुई नुसती स्नायूचं ऐकते. स्नायू सैल सोडला की मशीनचा स्पीकर गप्प पाहिजे, आवळला की खरखर यायला पाहिजे. मी स्कूटरवरून पडलो तेव्हा मनगट वर उचलत नव्हतं, घाबरून चौथ्याच दिवशी एका ठिकाणी टेस्ट करून घेतली आणि नस नुसती दबलीय की आतून तुटलीय ते काहीच ठरेना, पैसे गेले ते गेले. सुईत दिसणारे बदल यायला दोन-तीन आठवडे लागतात हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही. महिन्याने परत केली तर हात सैल सोडलेला असूनही स्पीकरमधून टपटप टपटप, मिरगाचा पहिला पाऊस पत्र्यावर पडतो ना अगदी तसं, मला वाटलं मशीनच बिघडलं. ती नस तुटलेल्या स्नायूची तक्रार होती. तुमच्या आईंना दोन महिने झालेत, त्यामुळे वेळेचा प्रश्न नाही.

दुखतं किती? शॉकचं दचकायला होतं, सुई इंजेक्शनपेक्षा बारीक असते पण आत हलवतात तेव्हा ठणकते, दुसऱ्या दिवशी थोडं काळंनिळं दिसू शकतं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, कधी तासभर.

जाण्याआधी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा, गोळी मनाने बंद करू नका. त्या दिवशी हाताला तेल, क्रीम काही नको, पट्टी चिकटत नाही. आणि हात गार नको! एसीत बसून हात थंड पडले की नसेचा वेग खरंच कमी येतो, म्हणजे धडधाकट माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला दिसेल, आईंना शाल द्या आणि हात गार वाटले तर टेक्निशियनला सांगून आधी गरम करून घ्या. बांगड्या, अंगठ्या घरीच साबण लावून काढा, बांबोळीला (गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात) नंबर आल्यावर ओढत बसलात तर मागची लाईन ओरडते.