हप्ता चुकण्याआधी विचारा : गृहकर्जाची प्रश्नोत्तरे

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी लोक विचारायचे, कर्ज किती मिळेल? आता विचारतात, हप्ता भरला नाही तर काय होईल? आणि विचारतात तेही बहुतेक दोन हप्ते चुकल्यावर. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काहींची उत्तरं एकत्र देतो. वाचकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : कोविडसारखी हप्त्यांना सहा महिने सवलत पुन्हा मिळणार, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परिपत्रक दिसेपर्यंत असल्या मेसेजवर विसंबून एकही हप्ता चुकवू नका.

ती माफी होती अशीही अनेकांची समजूत आहे. २७ मार्च २०२० ला जाहीर झालेली आणि पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली ती सवलत फक्त हप्ता पुढे ढकलण्याची होती. व्याज चालूच होतं. नंतर परत मिळालं ते व्याजावरचं व्याज, मूळ व्याज नव्हे. ५० लाखांचं नवं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं असं धरा. हप्ता येतो सुमारे ४३,४०० रुपये आणि त्यातले पहिल्या महिन्यात ३५,४०० रुपये नुसत्या व्याजात जातात. सुरुवातीचे सहा हप्ते पुढे ढकलले आणि हप्त्याची रक्कम तेवढीच ठेवली, तर २४० ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या उसंतीची किंमत तेरा लाखांच्या आसपास. पर्यायच नसेल तेव्हा अशी सवलत जरूर घ्यावी, फुकट समजून घेऊ नये.

प्रश्न : रेपो दर कमी झाला, शेजाऱ्याचा हप्ता उतरला, माझा तसाच आहे. बँक फसवतेय का?

तुमचं कर्ज एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असणार. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांचा दर बदलावाच लागतो. जुनी कर्जं आपोआप तिकडे जात नाहीत, अर्ज करावा लागतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो पूर्ण एक टक्क्याने उतरला, त्याचा लाभ तुम्ही अर्जाअभावी सोडलात. शाखेत जाऊन दर बदलून घेण्याचं शुल्क विचारा. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर नियम वेगळे, त्यांना लेखी विचारा. दर उतरूनही हप्ता तोच राहिला असेल, तर मुदत कमी झाली आहे का तेही पाहा.

प्रश्न : कंपनीने काढताना नऊ लाख दिले. कर्ज ३४ लाख बाकी आहे. सगळे कर्जात भरून टाकू का?

नाही.

कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. नऊ लाख भरलेत म्हणून बँक पुढच्या महिन्याचा हप्ता सोडणार नाही. कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असेल तरच गोष्ट वेगळी, कारण त्यात ठेवलेला पैसा काढता येतो. नसेल तर वर्षभराचे हप्ते आणि घरखर्च लहान लहान मुदत ठेवींत विभागून ठेवा. एकच मोठी ठेव अर्ध्यात मोडली की सगळ्या रकमेचं व्याज घटतं. बहुतेक कंपन्यांचा आरोग्यविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे नोकरी सुटण्याआधी विचारायचं असतं. नऊ लाखांवरचा कर आणि पीएफ काढायचा की नाही, या दोन्हींसाठी सीएला भेटा. पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसेल तर काढलेल्या पीएफवर सहसा कर लागतो.

प्रश्न : बारा लाखांची ठेव एका सहकारी बँकेत आहे. विमा असतोच ना?

पाच लाखांपर्यंतच, व्याज धरून, आणि तोही त्या बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवी मिळून. ठेव विभागा.

प्रश्न : तीन हप्ते थकलेत. भावजी म्हणतात, राहतं घर बँकेला घेता येत नाही, आणि घेतलंच तर दिवाणी कोर्टातून स्टे आणू. बँकेचे फोन उचलत नाही. बरोबर करतोय ना?

भावजींचं दोन्ही चूक आहे, आणि तुमचंही.

सरफेसी हा २००२ चा कायदा आहे. तुम्ही घर तारण ठेवलं आहे, त्यामुळे खातं बुडीत धरलं गेलं की बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. घर राहतं आहे, एकुलतं आहे, त्यात म्हातारी आई आहे, याने फरक पडत नाही. या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावाकडच्या त्या अनुभवावरून शहरातल्या फ्लॅटचा सल्ला दिला जातो. आणि कलम ३४ ने या बाबतीत दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला आहे. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे.

आता दिवस मोजा. हप्ता चुकला की खातं एसएमए-० मध्ये, म्हणजे धोक्याच्या यादीच्या पहिल्या पायरीवर जातं, तीस दिवसांनी एसएमए-१, साठ दिवसांनी एसएमए-२. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की एनपीए, म्हणजे बुडीत. त्यानंतर एखादा हप्ता भरून भागत नाही, खातं पुन्हा नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. मग कलम १३(२) ची नोटीस येते आणि तिच्यात साठ दिवस असतात. त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. किती जण हरकत घेतात? पाकीट फोडतच नाहीत. त्यानंतर १३(४) खाली ताबा. बहुधा आधी कागदोपत्री, दारावर नोटीस आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात. डीआरटीत जायला तिथून ४५ दिवस. पुढे लिलावाची नोटीस, आणि ती प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही संपतो.

हे सगळं सांगतो ते घाबरवायला नव्हे. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे पाच वाटा असतात. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, कर्जाची पुनर्रचना, घर भाड्याने देऊन लहान जागेत जाणं, नातेवाईकांकडून लेखी उसने घेणं, आणि बँकेला सांगून स्वतःच घर बाजारभावाने विकणं. सहाव्या महिन्यात उरतात दोन. लिलावाची जाहिरात लागल्यावर जवळपास काहीच नाही, आणि लिलावात घराला बाजारातला भाव क्वचितच मिळतो. तुमच्याच घराची किंमत तुमच्याच गप्प बसण्याने उतरते. फोन न उचलून कर्ज थांबत नाही. वसुली अधिकाऱ्याच्या कागदावर तेवढी ‘कर्जदार टाळतो’ अशी नोंद होते, आणि पुढे पुनर्रचना मागायला गेलात की तीच समोर येते.

म्हणून फोन उचला, पण बोलणं लेखी ठेवा. शाखेला ईमेल आणि पोच घेतलेलं पत्र : नोकरी कधी गेली, आत्ता किती भरू शकता, किती महिने. पुनर्रचना झाली तर तिची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत होते, ती स्वीकारा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत. आले तर बँकेकडे तक्रार करा आणि तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तुमचे तीन हप्ते थकले आहेत, म्हणजे नव्वद दिवस झाले असतील किंवा होत आले असतील. डीआरटीत काम करणाऱ्या वकिलाला याच आठवड्यात सगळे कागद दाखवा.

प्रश्न : एक एजंट म्हणतो, हप्ते भरणं बंद करा, निम्म्यात सेटलमेंट करून देतो. फी आगाऊ मागतोय.

हा सल्ला तुमचं खातं मुद्दाम एनपीए करण्याचा आहे. निम्म्यात सोडायची गरज बँकेला तारण नसलेल्या कर्जात पडते. तुमच्या बाबतीत तिच्याकडे तुमचं घर आहे, ती कशाला सोडेल? शिवाय सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. बोलायचंच तर स्वतः बँकेशी बोला, त्याची फी लागत नाही.

प्रश्न : तात्पुरता हप्ता क्रेडिट कार्डातून किंवा ॲपवरून कर्ज काढून भरला तर?

नऊ टक्क्यांचं कर्ज चाळीस टक्क्यांच्या कर्जाने फेडणार? कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. एक-दोन महिन्यांचाच प्रश्न असेल, नव्या नोकरीचं पत्र हातात असेल, तर बँकेतलं सोनेतारण बरं. पत्र हातात नसेल तर दागिनेही ठेवू नका. आधी तीन हप्ते थकल्याच्या उत्तरात सांगितलेलं पत्र बँकेला द्या.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, आत्ता बुक करा, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू. मंदीत अशी संधी येते का?

येते, बिल्डरला. माल खपत नसला की या जाहिराती येतात. कर्ज तुमच्या नावावर, पैसा बिल्डरच्या हातात, आणि त्याने व्याज भरणं थांबवलं की सिबिल तुमचं खराब. म्हणूनच बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच पैसे सोडा असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. तरी नवी नावं देऊन त्या येतातच. प्रकल्पाचा महारेराकडचा (राज्याचं गृहप्रकल्प नियमन प्राधिकरण) नोंदणी क्रमांक स्वतः तपासा, नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका, आणि करारनामा सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. बिल्डरने सुचवलेला वकील नको.

प्रश्न : सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर पाणी तोडतात का?

तोडू शकत नाहीत. पण थकबाकीवर व्याज लावू शकतात आणि निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेऊ शकतात. सचिवांना हप्ते पाडून मागा, लेखी.

प्रश्न : मी गृहिणी आहे. कर्जात सहकर्जदार म्हणून सही केली होती. मिस्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण कपाटात बँकेचं पत्र सापडलं. माझ्यावर काही येईल का?

हो, आणि निम्म्यासाठी नव्हे, पूर्ण रकमेसाठी. उत्पन्न नसलं तरी. सहकर्जदार म्हणून कर्जखात्याचा उतारा तुम्ही स्वतः बँकेकडून मागू शकता, त्याला मिस्टरांची सही लागत नाही. आधी त्या पत्रावर ‘कलम १३(२)’ लिहिलं आहे का आणि तारीख कोणती आहे ते पाहा. लिहिलं असेल तर साठ दिवस कपाट उघडल्यापासून मोजू नका, ते त्या नोटिशीपासूनच चालू झालेत. आज रात्री मिस्टरांसमोर पत्र ठेवा आणि उद्या दोघं मिळून वकिलाकडे जा.