ॲन्सेल ॲडम्स बघून बँकेचं कॅलेंडर आठवतं, हे जर्नलमध्ये लिहू का?

प्रश्न : ताई, मी फोटोग्राफीच्या डिप्लोमाला आहे. आम्हाला एक जर्नल ठेवायचंय, मोठमोठ्या फोटोग्राफर्सचं काम बघून स्वतःला काय वाटलं ते त्यात लिहायचं. आता माझं असं झालंय की ॲन्सेल ॲडम्स बघून मला बँकेचं कॅलेंडर आठवलं, कार्तिए-ब्रेसाँ इतका परफेक्ट की कोरडाच वाटला, आणि डीॲन आर्बसचा तर चक्क राग आला, माणसांना विचित्र दाखवण्यात हिला काय मजा येते असं झालं. मनापासून आवडले ते एकटे रघु राय. त्यांचा चर्चगेट स्टेशनचा फोटो बघून मी पण पुणे स्टेशनवर स्लो शटरवर, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून, फोटो काढून बघितले तर नुसती गिचमिड आली. वर्गात सगळे ‘प्रकाशाचा जादूगार’ वगैरे लिहितात. मी खरं लिहिलं तर मार्क जातील का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अगं, मार्क तुझ्या सरांच्या हातात, त्यावर मी काय बोलणार. पण ‘प्रकाशाचा जादूगार’ हे फोटो न बघताही लिहिता येतं, आर्बसचा राग मात्र बघितल्याशिवाय येत नाही, त्यामुळे मी असते तर तुला जास्त दिले असते. फक्त राग आला म्हणून वही मिटू नकोस, कुठल्या फोटोवर आला ते लिही.

तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला पोरगा असेल बहुतेक, १९६२ चा. एका हातात खेळण्यातला हँडग्रेनेड, दुसरा हात पंज्यासारखा आखडलेला, चड्डीचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला आणि तोंड असं की आता हा काय करेल सांगता येत नाही. आता त्याची कॉन्टॅक्ट शीट शोध, म्हणजे त्या रोलचे सगळे फ्रेम एकाच कागदावर. त्यात तोच पोरगा कमरेवर हात ठेवून पोज देतोय, हसतोय, चारचौघांसारखा पोर आहे. आर्बसने त्यातनं हाच एक फ्रेम उचलला. म्हणजे तुझा राग अगदीच चुकीच्या जागी नाहीये, पण तो कॅमेऱ्यापेक्षा त्या निवडीवर आहे, आणि मला विचारशील तर स्टाइल स्टाइल म्हणतात ती अर्ध्याहून जास्त इथेच ठरते, शटर दाबून झाल्यावर, टेबलावर. मला स्वतःला तो फोटो आवडतो आणि त्रासही होतो, दोन्ही एकदम. असं लिहायला काय हरकत आहे?

ॲडम्सच्या बाबतीत मी थोडी तुझ्या बाजूने आहे, त्याचे डोंगर इतक्या पोस्टरांवर छापून झालेत की डोळा थांबतच नाही. पण त्याचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा चंद्रोदयाचा फोटो घे, १९४१ चा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधला. उजेड चाललेला, लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना, तर चंद्राचा ब्राइटनेस किती असतो ते पाठ होतं त्यावरनं त्याने एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, काढलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला जास्त गंमत पुढच्या भागाची वाटते, त्या एका निगेटिव्हच्या त्याने आयुष्यभर प्रिंट्स काढल्या, आधीच्यांमध्ये आकाश करडं आणि ढगाळ, नंतरच्यांमध्ये जवळजवळ काळंकुट्ट. दोन्ही शेजारी ठेव आणि सांग तुझं कॅलेंडर नेमकं कुठलं.

ब्रेसाँ परफेक्ट म्हणतेस ना, तर पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२. काढलेल्या फोटोच्या कडा नंतर कापायच्या नाहीत हे त्याचं तत्त्व अख्ख्या जगाला माहीत, आणि हा त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेला आहे, कुंपणाच्या फटीतनं घेतल्यामुळे डावीकडे फळी आली होती.

आणि तो कोरडा वाटणं काही गुन्हा नाही. आपले फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी १९६६ मध्ये जयपूरला त्याला काम करताना बघितलं होतं, शिकले त्याच्याकडनं, पण तो ब्लॅक अँड व्हाइटवाला आणि यांनी आयुष्यभर रंगातच काम केलं. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं, लायब्ररीत मिळालं तर बघच, दुकानांच्या काचा, आरसे, त्यात रस्ता, रस्त्यात माणसं, नजर एका जागी टिकत नाही. जर्नल असं पण लिहिता येतं बघ, एकाला दुसऱ्याने काय उत्तर दिलं ते.

आता तुझं पुणे स्टेशन. राय यांच्या त्या १९९५ च्या फोटोत गर्दी वाहतेय हे सगळ्यांना दिसतं, पण फोटो उभा आहे तो पेपर वाचत बसलेल्या माणसांवर, ती हलत नाहीयेत म्हणून बाकीचं हलताना दिसतं. तुझ्या फ्रेममध्ये बहुतेक सगळेच पळत असणार, किंवा कॅमेराच हलला असेल. आधी एखादा बसलेला माणूस शोध, बाकावर, हमालाच्या गाडीवर, कुठेही. मग पाव ते एक सेकंदाच्या मधलं शटर लावून बघ, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, सगळ्यात कमी. ट्रायपॉड उघडलास की पोलीस येऊन विचारणार, त्यापेक्षा जिन्याच्या कठड्यावर कॅमेरा टेकव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. भरपूर काढ, आणि घरी आल्यावर लगेच डिलीट करत बसू नकोस. सगळे एका पानावर बारीक प्रिंट कर, त्यातला एक निवड आणि बाकीचे का सोडलेस ते जर्नलमध्ये रायांच्याच पानावर लिही.